कापलेली ट्यूब

परवा दुपारी घरूनच काम चालू होतं, कॉलवर कुणीतरी तिमाहीचे आकडे वाचत होतं, मी म्यूट करून बाथरूममध्ये गेलो आणि टूथपेस्टची ट्यूब कात्रीने मधोमध कापत बसलो. मुलगी दारात येऊन उभी राहिली, जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "बाबा, आपण गरीब झालो का?"

म्हटलं नाही गं, अजून आठवडाभर जाईल ही.

ती गेली पण मला काही सुचेना. कारण ट्यूब कापायला मला मनापासून आवडतं आणि त्याचं काही कारण नाही. खरं तर कापायची वेळच येऊ नये. आमच्या लहानपणी ट्यूबा अ‍ॅल्युमिनियमच्या असायच्या, खालून गुंडाळत आणलं की गुंडाळलेल्याच राहायच्या, घरात कोण कसं दाबतं ते लगेच कळायचं आणि शेवटी आई तिच्यावर लाटणं फिरवायची. (तेच, पोळ्यांचं. धुवून घ्यायची, उगाच तोंड वाकडं करू नका.) आताच्या लॅमिनेटवाल्या ट्यूबा म्हणजे कोडग्या, दाबा आणि सोडा की फुगून परत होत्या तशा. कसाऱ्याकडे जाताना वासिंदला अशा ट्यूबा बनवायचा कारखाना आहे, गाडी तिथे थांबली की मी दर वेळी उगाचच रागाने बघतो.

तर लाटणं. आमच्या गिरगावातल्या दीड खोलीत काहीच एका जन्मात संपायचं नाही. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटायची, दुधाच्या पिशव्या धुवून मोरीच्या भिंतीला चिकटवलेल्या असायच्या, वाळल्या की रद्दीवाल्याकडे. लग्नपत्रिकांचे पाठकोरे कागद मला गणितं करायला, त्यामुळे माझ्या सगळ्या त्रैराशिकांच्या मागे कुणाचं ना कुणाचं शुभमंगल असायचं. दुधाचे खाडे कालनिर्णयवर आणि बाकी सगळा हिशेब आईच्या वहीत. ती वहीसुद्धा माझ्या जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून दाभणाने शिवलेली.

त्या वहीत प्रत्येक महिन्याच्या शेवटी आई एक आकडा लिहून त्याला गोल करायची. ५, किंवा साडेपाच, एकदा नुसतंच ६ आणि पुढे टिंब. मला वाटायचं माझ्या वागणुकीचे मार्क आहेत. ते महिने होते. पोस्टात आणि डब्यात मिळून जे काही आहे त्याला महिन्याच्या खर्चाने भागायचं, जे उत्तर येईल तितके महिने पगाराशिवाय निघतील. आमच्याकडे रुपये किती आहेत ते मला कधीच कळलं नाही, महिने मात्र माहीत असायचे.

१९८६ साली मी पाचवीत होतो. एका मंगळवारी बाबा दुपारी दोनलाच घरी आले. ते सायनकडे एका कंपनीत स्टोअरला होते, आणि जो माल आलाच नव्हता तो आला म्हणून रजिस्टरवर सही करा असं साहेबांनी सांगितलं होतं. बाबांनी सही केली, पण राजीनाम्यावर. हे सगळं ते दारातच उभ्या उभ्या बोलले, चप्पल पायातच. आई तांदूळ निवडत होती. ती उठली नाही, बोलली नाही, सूप बाजूला ठेवलं, वही ओढली, पान उलटलं आणि म्हणाली, "आठ निघतील. घाई करू नका." मग परत तांदूळ.

आणि बाबा झोपले! शनिवार-रविवार नसताना भर दुपारी पंखा लावून झोपलेला बाप मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. मला वाटलं काहीतरी फार चांगलं झालंय. पाचव्या महिन्यात त्यांना दुसरी नोकरी लागली, पगार थोडा कमी, साहेब बरा.

आता माझा एक सहकारी आहे, बत्तीस वर्षांचा, त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी रिटायर व्हायचंय. त्याच्याकडे एक्सेल आहे. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट जमले की सुटलो, असं त्याचं गणित. मी त्याला म्हटलं अरे तो वर्षाला चार टक्केच काढून खायचा नियम विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ साली मांडला, तिकडच्या शेअर-बाँडच्या जुन्या आकड्यांवर, तोही तीस वर्षांच्या म्हातारपणासाठी, तुला पंचेचाळिसाव्या वर्षापासून काढायचीयत आणि तीही डोंबिवलीत, इथल्या महागाईत. तो म्हणाला दादा मग मी तेहतीस पट धरतो. मुलगा सरळ आहे.

त्या रात्री मी आईच्या पद्धतीने माझा भागाकार केला. उत्तर आलं २.३. मोबाईल फिरवून बघितला, परत केला, तेच. बाबांना अख्ख्या जन्मात मिळाला नसेल एवढा पैसा माझ्या खात्यातून वर्षभरात येतो-जातो, आणि महिने २.३. शनिवारी रात्री साहेबांचा मेसेज आला की मी "शुअर सर" लिहितो, वर अंगठा.

टूथपेस्ट कापून यात काडीचा फरक पडत नाही हे मलाही कळतं. फ्लॅटचा हप्ता, गाडीचा हप्ता, शाळेची फी, यांना लाटणं लागत नाही. आणि खरं सांगायचं तर आईबाबांचे ते महिनेही नुसत्या साबणाच्या चिपट्यांनी झाले नव्हते. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या चाळींची भाडी १९४० च्या दरावर गोठवून ठेवली होती, आमची खोली त्यातलीच, भाडं इतकं कमी की ते द्यायला जाताना आई ओशाळायची. घरमालक बिचारा चाळ काय दुरुस्त करणार, जिना तेव्हाही हलायचा. म्हणजे बाबांच्या ताठ मानेत थोडा वाटा घरमालकाचापण धरायला हवा. हे मी बाबांना कधी बोललो नाही, ते चिडले असते.

बाबांचा आदर्श र. धों. कर्वे. संततिनियमनाचं काम सोडा नाहीतर नोकरी सोडा असं झालं तेव्हा, १९२५ साली, प्राध्यापकी गेली पण माणूस गप्प बसला नाही, १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ ला जाईपर्यंत चालवलं, पदरमोड करून, कोर्टात दंड भरून. गरजाच कमी, मग त्याला कोण काय करणार, असं बाबा पोळीचा घास हातात धरून सांगायचे आणि घास तसाच राहायचा. कर्व्यांच्या बायकोचं, मालतीबाईंचं नाव त्या गोष्टीत यायचं नाही. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

ट्यूबचं हसू म्हणून मी आईला फोन लावला. आता ती पुण्याला ताईकडे असते, बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी काय म्हणाली ते सांगितलं, ती खूप हसली. मग म्हटलं आई, ते आठ महिने आठवतात का गं, बाबा आल्या आल्या तू काय फाडकन आकडा सांगितलास, मला आता तसं कुणी सांगितलं ना तर मीपण उद्या सोडेन सगळं.

"आठवतात की," ती म्हणाली. "सहाच होते खरे तर."

म्हटलं म्हणजे?

"वरचे दोन माझ्या बीएडच्या फीचे होते. जूनला भरायचे होते." थोडं थांबून म्हणाली, "ठेवते हं, दूध ठेवलंय गॅसवर. आणि ट्यूब कापलीस की वाटीत झाकून ठेव, वाळते ती."