साखर ताब्यात आहे, मग बीपीची गोळी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली. त्यातली आठ वर्षं साखरेच्या गोळीशेजारी बीपीची गोळीही आहे. डबी दिसली की हटकून कुणीतरी म्हणतंच, "साखर तर ताब्यात आहे ना? मग ही कशाला?"

मीही डॉक्टरांशी हाच वाद घातला होता. बीपी १४६/९० निघालं होतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. एक दुखणं सांभाळतेय तेवढं पुरे, असं म्हणून दोन महिन्यांत मी गोळी बंदही करून टाकली. साखर उत्तम होती, त्यामुळे लघवीची तपासणीही लांबवत गेले. शेवटी केली, तर अल्ब्युमिन या प्रथिनाचा आकडा ३० च्या वर. म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं झिरपू लागली होती, आणि मला कसलाही त्रास होत नव्हता!

बीपी म्हणजे वेगळा पाहुणा नव्हे, मधुमेहाच्याच घरातला, हे मला तेव्हा पटलं. टाइप २ मधुमेहात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते रक्तात जास्त राहतं आणि मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं. मिठामागोमाग पाणी येतं. रक्तवाहिन्याही ताठर होत जातात. म्हणून कित्येकांचं बीपी मधुमेह कळण्याआधीच चढलेलं असतं. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही त्या मधुमेहात, बहुधा उलटा क्रम असतो, आधी मूत्रपिंडाला इजा होते आणि मग बीपी वाढतं. आणि एकदा मूत्रपिंड बिघडलं की ते बीपी आणखी वाढवतं, वाढलेलं बीपी मूत्रपिंड आणखी बिघडवतं.

वय, आईवडिलांचं बीपी, पोटाचा घेर, तंबाखू, मीठ ही कारणं तुम्हाला ठाऊक असतील. माझ्या बाबतीत मात्र आणखी एक निघालं. गुडघ्यासाठी मी महिनोन्महिने दुखण्यावरच्या गोळ्या घेत होते. त्यातल्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडालाही जड जातात. मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. घोरण्याचंही तसंच. झोपेत श्वास अडकत असेल तर बीपी चढतं, पण घोरणं सांगायला डॉक्टरकडे जातं कोण?

दहा-बारा आकड्यांनी काय बिघडतं, असं वाटत असेल तर १९९८ सालचा एक ब्रिटिश अभ्यास ऐका. मधुमेह आणि बीपी दोन्ही असलेली ११४८ माणसं त्यात होती. एका गटाचं बीपी सरासरी १४४/८२ राखलं, दुसऱ्याचं १५४/८७ राहिलं. पहिल्या गटात पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले, डोळे-मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी. आता बहुतेक मधुमेहींना १३०/८० च्या खाली राहायला सांगतात.

पण फार खाली आणण्याचा हट्टही नको, शरीराला ते पेलायला हवं. जुन्या मधुमेहात मज्जातंतू मंदावतात, आणि झोपून उठताना बीपी एकदम उतरतं. मी एकदा रात्री उठले आणि पलंगाची कड धरूनच खाली बसले. तेव्हापासून डॉक्टर माझं बीपी बसून मोजतात आणि उभं करूनही मोजतात. तुमचं मोजत नसतील तर सांगा त्यांना. मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसा, आणि पट्टा फुगत असताना बोलू नका. मला हे दुसरं अजून जमत नाही.

यापुढचा प्रश्नही ठरलेला असतो: "एकदा सुरू केली की जन्मभर घ्यायची का?" माझा डोस एकदा निम्मा झाला होता, आठ किलो उतरल्यावर. पुढे पाच किलो परत आले आणि डोसही पूर्ववत झाला. आता त्या पाच किलोंच्या मागे लागलेय.