गुण माझ्या हातात असताना

परदेशातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवण्यासाठी दिलेल्या मुलाखतीतला तिसराच प्रश्न होता, "बायोडेटात तुम्ही संडेस्कूल शिकवल्याचं लिहिलंय. मग उत्क्रांती कशी शिकवाल?"

व्हिडिओ कॉलवर समोर तिघं बसली होती. विचारणाऱ्या बाईंच्या स्वरात खोच नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, जशी शिकवायला हवी तशीच, पुरावे समोर ठेवून. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल ब्रनोच्या मठात राहणारे धर्मबंधू होते. मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपं वाढवून त्यांनी ते नियम शोधले आणि 1866 मध्ये त्यांचा निबंध छापून आला. उत्क्रांती बाजूला ठेवली तर जीवशास्त्रात कशाचाच अर्थ लागत नाही, असं 1973 मध्ये लिहिणारे डोब्झान्स्की स्वतः ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. "माझ्या देवाला पुराव्यांची भीती नाही," हे शेवटचं वाक्य मात्र आपसूक तोंडून निघालं. आठवड्याभरात दोन वर्षांच्या कराराचं पत्र आलं.

परदेशात शिकवायला निघालेल्या ख्रिस्ती शिक्षकापुढे साधारण दोन वाटा असतात. एक ख्रिस्ती शाळांची. त्यातल्या बऱ्याचशा मिशनरी कुटुंबांच्या मुलांसाठी निघालेल्या. तिथे अर्जासोबत आपण काय मानतो ते लिहून द्यावं लागतं, चर्चच्या पाळकांचं शिफारसपत्र लागतं, आणि काही ठिकाणी पगार नसतोच; मंडळ्यांकडून आणि ओळखीच्यांकडून आपला खर्च आपणच उभा करायचा. दुसरी वाट कोणत्याच धर्माच्या नसलेल्या आंतरराष्ट्रीय शाळांची. मी दोन्हीकडे अर्ज केले होते. ख्रिस्ती शाळेतली माणसं मला मनापासून आवडली, त्यांनी मुलाखतीच्या शेवटी माझ्यासाठी प्रार्थनाही केली. तरी मी दुसरी वाट धरली. सगळे आपल्यासारखेच असले की माझा विश्वास सुस्तावतो, हे मला अनुभवानं माहीत होतं.

कागदपत्रांत चार महिने गेले. पदवीवर अपोस्टिल, म्हणजे ती परदेशात खरी मानली जावी म्हणून लागणारा सरकारी शिक्का, आणि जायचा देश तो ठरवणाऱ्या 1961 च्या हेग करारात नसेल तर त्याऐवजी वकिलातीचं साक्षांकन. ज्या ज्या देशात राहिलो तिथल्या पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. आधीच्या मुख्याध्यापकांशी नवी शाळा स्वतः बोलते, नुसत्या पत्रावर विसंबत नाही. मुलांच्या सुरक्षेसाठी ही चाळणी हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त जाणाऱ्यांना एक सांगते, सगळ्या कागदांवर नाव अक्षरन्अक्षर सारखं आहे का ते आधी बघा. माझ्या पदवीवर वडिलांचं नाव आहे, पासपोर्टवर नाही. तेवढ्यासाठी प्रतिज्ञापत्र करून सगळी फेरी पुन्हा मारावी लागली.

करारात एक कलम होतं. शाळेच्या आवारात कोणत्याही धर्माचा प्रचार करायचा नाही. सही करताना मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पण तिथे पोचल्यावर त्या कलमाची मी इतकी धास्ती घेतली की गळ्यातला क्रूस पहिले सहा महिने ब्लाउजच्या आत राहिला. सुट्टीत काय केलं असं कुणी स्टाफरूममध्ये विचारलं, तर "आराम" म्हणायचे. खरं तर मी उपासनेला गेलेली असायचे.

त्या देशात आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे मंडळी शुक्रवारी जमायची. रविवारी सकाळी पहिल्याच तासाला माझा अकरावीचा वर्ग. आयुष्यभर ज्या वेळी चर्चच्या बाकावर बसले, त्या वेळी मी फळ्यावर पेशीविभाजनाच्या पायऱ्या काढत असायचे, आणि खूप दिवस ते अंगवळणी पडलं नाही. शुक्रवारची एक गोष्ट मात्र मी कुठेच पाहिली नव्हती. प्रभूची प्रार्थना प्रत्येकानं आपापल्या भाषेत म्हणायची. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणणारी त्या सभागृहात मी एकटीच. दहाबारा भाषा एकदम सुरू व्हायच्या आणि वेगवेगळ्या वेळी संपायच्या. ज्यांची आधी संपे ते थांबून राहायचे. शेवटचा माणूस संपवेपर्यंत कुणी डोळे उघडायचं नाही.

आता एका मुलाबद्दल. अकरावीतला, अबोल, जीवशास्त्रात बरा. एकदा शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत काचपट्ट्या धुवायला थांबला. ते त्याचं काम नव्हतं. एकच काचपट्टी तो पुन्हा पुन्हा पुसत होता. मग म्हणाला, आजी गेली. तिनंच त्याला वाढवलं होतं, आणि व्हिसाच्या अडचणीमुळे घरातल्या कुणालाच जाता येत नव्हतं. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "मिस, तुम्ही प्रार्थना करता का?"

मला ते कलम आठवलं. मी म्हटलं, "तू समुपदेशकांना भेटलास का?"

"भेटतो," म्हणाला. काचपट्टी डब्यात ठेवली आणि गेला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पोराचा साधा प्रश्न होता, हो किंवा नाही. आणि मी, जिचा दिवस प्रार्थनेनं सुरू होतो, त्याला दार दाखवलं होतं. येशूला पकडल्यावर त्याचा शिष्य पेत्रानं अंगणात शेकोटीपाशी त्याला ओळखतच नाही म्हटलं, ते याहून वेगळं काय होतं, असं मनात येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बालसुरक्षेचं काम बघणाऱ्या सहकारी बाईंकडे गेले. त्या स्वतः कोणताच धर्म मानत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कलम प्रचाराबद्दल आहे, खोटं बोलण्याबद्दल नाही. मुलानं सरळ विचारलं तर सरळ उत्तर द्या. एक वाक्य. त्याच्या पुढे ओढू नका, कुठे बोलावू नका, आणि एकट्याला दार लावून तर कधीच नाही. समुपदेशकांकडे पाठवलंत ते योग्यच, पण उत्तर देऊन पाठवायचं." वर्षभरात त्या शाळेत मला मिळालेलं सर्वांत कामाचं मार्गदर्शन ते हेच.

मधल्या सुट्टीत, प्रयोगशाळेचं दार सताड उघडं ठेवून, मी त्याला हाक मारली. "काल तू विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही. हो, मी प्रार्थना करते. तुझी हरकत नसेल तर तुझ्या आजीची आठवण ठेवीन." तो जरा वेळ गप्प राहिला. मग माझ्या टेबलावरचा चिकटचिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढून त्यानं आजीचं नाव लिहिलं, आधी त्यांच्या लिपीत, आणि मला वाचता यावं म्हणून खाली इंग्रजी अक्षरांत. मी चुकीचं उच्चारलं. त्यानं दोनदा म्हणून दाखवलं.

त्यानंतर क्रूस ब्लाउजच्या बाहेर आला. पण त्याच सुमारास मी ते कलम मनापासून मानायलाही लागले, आधी नुसती भीत होते. वर्गातल्या मुलांचे गुण माझ्या हातात असतात. ज्याच्या हातात आपले गुण आहेत त्याला मूल मोकळेपणानं नाही म्हणू शकत नाही. आणि नाही म्हणायची मुभा नसेल तिथे हो म्हणण्याला काय किंमत? प्रभूनं कुणाला असं कोपऱ्यात गाठून मागे यायला लावलं नाही. बायबलमधला श्रीमंत तरुण त्याच्यामागे न येता खिन्न होऊन निघून गेला तेव्हा त्यानं त्याला जाऊ दिलं. आमच्या शाळेतल्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रमाच्या टीओके, म्हणजे थिअरी ऑफ नॉलेज, या विषयात ज्ञान आणि धर्म असा एक भाग निवडता येतो, तो शिकवायला मी मदत करायचे. मुलं विचारायची, मिस, तुम्ही काय मानता? त्या विषयातल्या प्रदर्शनाचे गुण शाळेतच दिले जातात, म्हणून मी सांगायचे, तुमचे गुण जाऊ देत, मग विचारा. काही जणांनी नंतर खरंच विचारलं.

दुसऱ्या वर्षी मोठा पेच आला, आणि तो धर्माच्या तासाला आला नाही. बारावीच्या सुरुवातीलाच विद्यापीठांचे अर्ज जातात, अंतिम परीक्षा मे महिन्यात. मग विद्यापीठं शिक्षकांच्या प्रेडिक्टेड ग्रेडवर, म्हणजे अंतिम परीक्षेत काय मिळेल याच्या अंदाजावर, विसंबून सशर्त प्रवेश देतात. एक ते सात अशा ग्रेड, सहा विषयांचे 42 गुण, वरचे 3 टीओके आणि दीर्घ निबंधाचे, एकूण 45. त्याच मुलाला हव्या असलेल्या विद्यापीठासाठी जीवशास्त्रात सहा लागत होता. मी पुन्हा पुन्हा तपासलं. चाचण्या पाचच्या होत्या. 20 टक्के वजन असलेल्या प्रयोगाच्या अहवालाचा मसुदाही पाचचाच, निष्कर्षाचा भाग अगदी कच्चा. जुन्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवून घेतल्या, नावं झाकून दुसऱ्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. पाच.

त्याचे आईवडील भेटले, दोनदा. वडील शांतपणे म्हणाले, एका आकड्यानं तुमचं काय जातं? तो स्वतः शेवटी आला. पुन्हा प्रयोगशाळेतच, दार उघडंच. "मिस, तुम्ही माझ्या आजीसाठी प्रार्थना केली होती."

ते वाक्य मला फार लागलं. त्यात हिशोब नव्हता, मी त्याची कुणीतरी आहे असा विश्वास होता. आणि नेमकं त्याचमुळे मला सहा देता येत नव्हता. त्या आकड्याखाली माझी सही असते, म्हणजे ती माझी साक्ष असते. ज्याच्या आजीसाठी प्रार्थना केली त्या मुलासाठी साक्ष वाकवली, तर शेजारच्या बाकावरच्या, माझ्याशी कधी चार शब्द न बोललेल्या मुलीनं काय करायचं? मी त्याला एवढंच सांगितलं की आज मला पाच दिसतो, मेपर्यंत सहा करायला तू म्हणशील तेव्हा मी थांबेन. तो आठपंधरा दिवस आला. मग यायचा थांबला. बोलावलं की मान हलवायचा.

निकाल जुलैत लागला. पाच. मला त्यात जराही समाधान वाटलं नाही. सहा आला असता तर माझा अंदाज चुकल्याचा आनंदच झाला असता. तो दुसऱ्या पसंतीच्या विद्यापीठात गेल्याचं इतर मुलांकडून कळलं. जाताना तो भेटला नाही.

मी करार आणखी दोन वर्षांनी वाढवला. ती चिठ्ठी माझ्या बायबलमध्ये स्तोत्रसंहितेच्या पानांत आहे, चिकट कड कधीच सुकून गेली. शुक्रवारी सगळ्यांच्या भाषा संपायची वाट बघत डोळे मिटून उभी असते तेव्हा मी आधी त्याच्या आजीचं नाव घेते, त्यानं शिकवलं तसं, आणि मग त्याचं.