पंचवीस डिग्रीची किटली

दूध संकलन केंद्रावर फॅट-डिग्री, म्हणजे दुधातला स्निग्धांश आणि दूध किती जड ते, बघायला लागून मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. थंडीतली पहाट. केंद्राच्या मागच्याच गोठ्यातून आक्का किटली घेऊन आल्या. मी जार भरला आणि लॅक्टोमीटर, म्हणजे डिग्री दाखवणारी तरंगती काचेची नळी, सोडला. फेसात काचेची दांडी नीट दिसेना. फुंकर मारून फेस बाजूला केला, तर आकडा २५. गायीचं दूध आम्ही २८ च्या खाली घेत नव्हतो.

“आक्का, पाणी आहे यात.”

मागे सगळी रांग उभी. आक्का हळू आवाजात म्हणाल्या, “दादा, धार काढून तशीच आलेय. पाणी घालायला घरात तरी गेले का मी?” किटली तिथंच ठेवून त्या निघून गेल्या.

पुढच्या कॅनला २९ लागली. मी खुशीत ओतून घेणार, तेवढ्यात मशीनवर फॅट आली २.१. गायीच्या दुधाला आमच्याकडे साडेतीन तरी लागायची. मी थबकलो.

लॅक्टोमीटर आपल्या वजनाइतकं दूध बाजूला सारेपर्यंत बुडतो. दूध हलकं असेल तर जास्त सारावं लागतं, म्हणून तो खोल जातो आणि आकडा कमी दिसतो. पाण्याने दूध हलकं होतं, तसंच ते ऊब आणि फेसानेही होतं. आणि साय तर दुधाहून हलकी; ती काढली की दूध जड होतं, मग वर पाणी ओतलं तरी आकडा जागेवर येतो. हे सगळं मी शिकलो होतो. पण रांग पुढे सरकवायच्या घाईत थर्मामीटर खिळ्यालाच लटकत राहिला होता.

संकलन संपल्यावर आक्कांची किटली उघडली. फेस बसला होता, दूध निवून २७ अंश तापमानावर आलं होतं. लॅक्टोमीटर सोडला. २८. तसाच उभा राहिलो. त्या बाईला मी सगळ्या गावासमोर लबाड ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आक्का आल्या. मी आधी थर्मामीटर बुडवला: ३६. मग रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, “आक्का, कालचं दूध चोख होतं. चूक माझी होती.”

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. “मग कालचं वहीत लिहिलंस का?”

“लिहिलंय. साडेचार लिटर.”

“हां,” म्हणाल्या, आणि किटली पुढे सरकवली.