तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रॉम्बोन वाजवताना पाय का आपटता?

कार्यक्रम संपला की कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतंच. "छान वाजवलंत हो, पण ते पाय आपटणं मुद्दाम होतं की सवय आहे?" काही जण इतकंही विचारत नाहीत, थेट सल्ला देतात की सवय घालवा, लक्ष तिकडेच जातं. एका काकूंनी तर गुडघ्याचं काही दुखणं आहे का म्हणून विचारलं होतं, आणि खरं सांगते, त्या प्रश्नात बाकी सगळ्यांपेक्षा जास्त माया होती.

तर एकदाच नीट लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी फक्त हेच पाठवता येईल.

पाय आपटणं लिहिलेलं आहे. कागदावर, स्वरांच्या सोबत. पीसचं, म्हणजे रचनेचं, नाव 'एलेजी फॉर मिप्पी टू', अमेरिकन संगीतकार लेनर्ड बर्नस्टाईन यांची. एकट्या ट्रॉम्बोनसाठी आहे (हे पितळी फुंकवाद्य, स्लाईड नावाची नळी आत-बाहेर सरकवून स्वर बदलायचे), सोबत पियानो नाही, काही नाही, आणि वाजवणाऱ्याने स्वतःच्याच पायाने साथ करायची, प्रत्येक बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका मापात, चार ठोके, तेही मेझो फोर्टे, म्हणजे पुटपुटल्यासारखे नाहीत, चांगले ऐकू येतील असे. एलेजी म्हणजे विलापिका, आणि मिप्पी म्हणजे कुत्रा. बर्नस्टाईनच्या धाकट्या भावाचा, बर्टनचा, कुठल्याही नावाजलेल्या जातीचा नसलेला साधा कुत्रा. मिप्पी टू म्हणजे दुसरा मिप्पी, कारण वन, टू आणि थ्री अशा तीन मिप्पींच्या नावाने तीन पीस आहेत. पहिला हॉर्नसाठी, दुसरा आमच्या वाट्याला आलेला, तिसरा ट्यूबासाठी (हीही पितळी फुंकवाद्यंच), आणि तिसऱ्याला विलापिका नाही, चक्क वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचं नाचाचं संगीत, मिळालाय. का ते माहीत नाही पण मला ट्यूबावाल्यांचा जरा हेवा वाटतो.

हे सगळं १९४८ च्या सुमाराचं, म्हणजे बर्नस्टाईन तेव्हा तिशीचा, त्याचं गाजलेलं संगीतनाटक 'वेस्ट साईड स्टोरी' अजून नऊ वर्षं लांब. १९५९ मध्ये असे पाच छोटे पीस 'ब्रास म्युझिक' (ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्यं) नावाने एकत्र छापले गेले आणि पाचही कुत्र्यांच्या नावाने आहेत. ट्रम्पेटचा जो आहे तो लाईफीसाठी, ही जुडी हॉलिडे या नटीकडची स्काय टेरियर. पाचवा चार ब्रास वाद्यांचा छोटा फॅनफेअर, म्हणजे सलामीची धून, आहे, बिमासाठी. हा बिमा म्हणजे बर्नस्टाईनचे गुरू सर्ज कुसेवित्स्की, बॉस्टन सिंफनीचे कंडक्टर, त्यांच्या घरचा कॉकर स्पॅनियल. आणि यातली गंमत अशी की बिमाला बोलवायला त्या घरात जी शीळ घालायचे तीच या फॅनफेअरची मुख्य धून आहे. म्हणजे एवढा मोठा कंडक्टर, आणि त्याच्या घरातली सगळ्यात जास्त वेळा वाजलेली धून बहुतेक हीच असणार, ये रे, इकडे ये.

आता दुसरा प्रश्न, जो पहिल्याच्या पाठोपाठ येतो. मग यात भुंकणं कुठंय? नाहीये. आणि ट्रॉम्बोनवर ते करणं अवघड आहे म्हणून नाही असं बिलकुल नाही, उलट फार सोपं आहे, म्हणून तर मोह होतो. घसा खरवडत फुंकलं की गुरगुरणं निघतं. मांजर हवं असेल तर तुंबलेलं बेसिन मोकळं करायला वापरतात ती रबरी वाटी घ्यायची, दांडा काढायचा आणि वाद्याच्या तोंडावर उघड-झाक करायची. मी चेष्टा करत नाहीये, जाझवाले गेली शंभर वर्षं हेच वापरतायत. त्यात स्लाईडने थोडी मींड घेतली की म्याव तयार. आमच्या वाद्याची मींड तशी मर्यादितच असते, स्लाईड पूर्ण आत ते पूर्ण बाहेर अशा सात पोझिशन, म्हणजे एका दमात सलग घसरायचं तर सा पासून तीव्र म पर्यंत, पुढे नाही. पण मांजराला तेवढं पुरतं. पोरं खिदळतात, मोठेही हसतात. आणि तिसऱ्यांदा केलं की कुणी हसत नाही, कारण त्यात मांजर नसतंच, फक्त मांजराचा आवाज असतो.

मला कुत्र्यांवरचं जे संगीत आवडतं ते बहुतेक त्याच्या चालण्या-धावण्यावर आहे. इंग्लिश संगीतकार एल्गारच्या १८९९ च्या 'एनिग्मा व्हेरिएशन्स' या वाद्यवृंदाच्या रचनेतला अकरावा भाग नावाला एका ऑर्गनवादक मित्राचा, पण एल्गारनेच सांगून ठेवलंय की त्या मित्राचा बुलडॉग, डॅन, वाय नदीच्या उतारावरून धपकन पाण्यात पडतो, चढायला जागा शोधत प्रवाहाच्या उलट पोहतो आणि काठाला लागल्यावर खुशीत भुंकतो, ते सगळं सुरुवातीच्या काही बारमध्ये आहे. तिथे भुंकणं आहे, पण ते शेवटी येतं, आधी पडणं आणि पोहणं झाल्यावर, म्हणून ते पटतं.

मिप्पीकडे परत येते. चार ठोके, न थांबता. मी पहिल्यांदा वाजवायला घेतलं तेव्हा मला तो मेट्रोनोमचा, म्हणजे टिकटिक करून लय दाखवणाऱ्या यंत्राचा, पर्याय वाटला होता, साथीला कुणी नाही म्हणून पायाचा ड्रम केलाय, बस. नंतर महिनाभर घोळवल्यावर जाणवलं की हे चालणं आहे. कुणीतरी कुणाला तरी घेऊन फिरायला निघालंय. (हे माझं म्हणणं, स्वरलिपीत असं कुठे लिहिलेलं नाही.) आणि वर जी धून आहे ती दुःखी आहे पण जाझच्या अंगाची, थोडी झुलणारी, म्हणजे एका मात्रेचे दोन तुकडे सारखे नसतात, पहिला लांब दुसरा आखूड. पाय सरळ, धून झुलती. कुत्र्याला घेऊन चाललेल्या माणसाला बघा कधी, माणूस एका लयीत चालतो आणि कुत्रं मागे रेंगाळतं, हुंगतं, मग पळत येऊन गाठतं. तसंच.

आणि इथेच खरी पंचाईत आहे. शोकाचं काही वाजवायचं म्हटलं की आपण सगळेच आपोआप संथ होतो, वाक्य संपताना ओढतो, उंच स्वरावर जरा जास्त रेंगाळतो, डोळे मिटतो. इथे ते करता येत नाही. केलं की पाय उघडं पाडतो. तुम्हाला कितीही भरून आलं तरी पाय चाललेला आहे, तीन, चार, एक, दोन. दोन-अडीच मिनिटांचा पीस, पण मला यात सगळ्यात जास्त वेळ लागला तो स्वरांना नाही, हुंदका न देण्याला.

शरीराचंही थोडं सांगते, कारण हे बाहेरून दिसत नाही. उभं राहून पाय आपटला की हादरा गुडघा, कंबर, खांदा करत थेट माऊथपीसपर्यंत (ओठ टेकवतो त्या भागापर्यंत) येतो आणि ओठांवरचा दाब दर ठोक्याला किंचित बदलतो, लांब स्वर असेल तर तो चक्क थरथरतो. म्हणून मी सगळं वजन डाव्या पायावर घेते, उजव्याची टाच जमिनीला चिकटवून ठेवते आणि फक्त चवडा उचलते. उजवा हात स्लाईडवर, तो धुनीबरोबर मागेपुढे रेंगाळतोय, उजवा पाय मात्र अजिबात नाही, आणि सुरुवातीला हे दोघं एकमेकांचं ऐकायला लागतात, हात पायासारखा ठोकळा होतो नाहीतर पाय हातासारखा झुलतो. दम घ्यायला पियानोवाल्याने चार बार वाजवावेत अशी सोयही नाही, एकट्याचा पीस म्हणजे ओठांना सुट्टीच नाही, जिथे श्वास तिथेच काय ती विश्रांती, आणि त्या शांततेत फक्त पाय ऐकू येतो. ती जागा मला फार आवडते.

बुटांचा तळही बघावा लागतो. स्पोर्ट्स शूज घातले तर मऊ फतफत ऐकू येते. कडक तळाचे चामडी बूट हवेत, आणि गालिचा नको.

एकदा रेकॉर्डिंगला गेले होते, आधी सगळं समजावून सांगितलं होतं, निदान मला तरी तसं वाटत होतं. आठवड्याने फाईल आली. ऐकते तर पाय गायब. त्या साहेबांनी मोठ्या कष्टाने एकेक ठोका शोधून पुसून काढला होता आणि वर मेसेज, "मॅडम, खाली खूप नॉईज होता, सगळा क्लीन केलाय, एक्स्ट्रा चार्ज नाही." मी आधी चिडले, मग शांतपणे ऐकलं, आणि मान्य करते, त्याने मला एक गोष्ट शिकवली. पायाशिवाय तो पीस सुंदर पण निव्वळ रडका लागत होता. नुसतं दुःख. कुत्रा त्यातून गेलाच होता.

एकट्या ट्रॉम्बोनवाल्याला नुसतं फुंकू द्यायचं नाही हे आमच्याकडे पुढेही झालंय, इटालियन संगीतकार बेरिओच्या १९६६ च्या 'सेक्वेन्झा फाईव्ह'मध्ये तर वाजवणारा मध्येच वाद्य बाजूला करून "व्हाय?" असं विचारतो. का? ग्रॉक नावाच्या विदूषकाच्या आठवणीतला पीस आहे तो. तो वाजवला की मात्र मला कुणी विचारत नाही की तुम्ही मध्येच बोललात का. बोललेलं चालतं, पाय आपटलेला खटकतो, गंमतच आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, घरात कुत्रा आहे का आणि त्याला हे आवडतं का. आहे, चिंगी. ट्रॉम्बोन तिला अजिबात आवडत नाही, वाद्याच्या पेटीच्या कड्या वाजल्या की उठून आतल्या खोलीत जाते, आणि तिचे कान माझ्यापेक्षा कितीतरी तिखट, त्यामुळे मी तिला दोष देत नाही. पण मिप्पीच्या रियाजाला मी घरात बूट घालते. एरवी घरात बूट म्हणजे बाहेर जायचं. त्यामुळे मी आधी नुसता पाय पक्का करायला उभी राहिले, वाद्य न घेता, चार ठोके, चार ठोके, की चिंगी पट्टा तोंडात धरून दारापाशी हजर. शेपटी तिच्या स्वतःच्या लयीत, माझ्या पायाशी काही संबंध नाही. दोन दिवस मी दुर्लक्ष करून बघितलं. आता आधी तिला फिरवून आणते, मग बूट न काढताच रियाजाला उभी राहते.