व्हिडिओ संकलन पुस्तकातून शिकता येते का?

लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या मुलांपासून पुण्यातल्या लॉ कॉलेज रस्त्यावर चित्रपट पाहायला येणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: यूट्यूबवर सगळे फुकट मिळत असताना तुम्ही व्हिडिओ एडिटिंग पुस्तकातून का शिकलात, आणि ते तसे शिकता येते का? तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते.

शिकता येते. मी दा विंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचे सॉफ्टवेअर असेच शिकले. ते बनवणारी ब्लॅकमॅजिक डिझाइन ही कंपनी प्रशिक्षणाची पुस्तके आणि त्यांतल्या धड्यांना लागणारे फुटेज आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य देते, आणि सॉफ्टवेअरची एक आवृत्तीही विनामूल्य आहे. पुस्तक मी छापून स्पायरल बाइंडिंग करून घेतले, कारण एकाच पडद्यावर पान आणि टाइमलाइन (क्लिप ओळीने मांडायची पट्टी) दोन्ही ठेवली की कशातच लक्ष राहत नाही. व्हिडिओ पाहताना शिकवणाऱ्याचा माउस आपल्यापुढे धावत असतो आणि त्याचे काम पाहिल्याचे समाधान आपल्याला शिकल्याचे समाधान वाटू लागते. पुस्तकात मात्र स्वतः हात चालवल्याशिवाय पुढच्या वाक्याचा अर्थच लागत नाही.

सर्वाधिक वेळ मी ट्रिमिंगच्या, म्हणजे क्लिपची सुरुवात आणि शेवट नेमके बसवण्याच्या, धड्यावर घालवला. रिपल, रोल, स्लिप आणि स्लाइड हे चार शब्द इंग्रजी व्याख्येतून डोक्यात राहीनात, म्हणून वहीत माझ्या भाषेत उतरवले. पंगतीतून एक जण उठला की पुढचे सगळे सरकून बसतात, तो रिपल. त्यात चित्रफितीची एकूण लांबी बदलते. दोन शेतांमधला बांध सरकवला की एकाची जमीन जितकी वाढते तितकीच दुसऱ्याची घटते, तो रोल. एसटीची खिडकी जागेवर असते आणि बाहेरचे दृश्य सरकते, तशी क्लिपची जागा व लांबी कायम ठेवून आतला भाग बदलणे म्हणजे स्लिप. आणि पंगतीतला माणूस आपले भरले ताट घेऊन थोडा बाजूला सरकला की एका शेजाऱ्याला जागा मिळते, दुसऱ्याची आक्रसते, ती स्लाइड. ही वही आजही माझ्या टेबलावर असते.

पुस्तकातल्या ज्या पानाकडे मी दुर्लक्ष केले, त्याची किंमत मोजावी लागली. पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या तेव्हा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या परिसरात मी सेकंदाला 25 फ्रेमने, म्हणजे 25 स्थिर चित्रांनी, चित्रीकरण केले होते. प्रोजेक्ट मात्र 24 वर होता. फुटेज आत घेताना फ्रेमरेट बदलायचा का, असे सॉफ्टवेअरने विचारले आणि मी न वाचताच नकार दिला. दर सेकंदाला एक फ्रेम गळत होती आणि वारकऱ्यांच्या संथ चालीला बारीक हिसका बसत होता. फुटेज आत आल्यावर प्रोजेक्टचा फ्रेमरेट बदलता येत नाही, हे त्या पानावर स्पष्ट लिहिले होते. चार दिवसांचे काम नव्या प्रोजेक्टमध्ये पुन्हा उभे करावे लागले. म्हणून सांगते, सेटिंग्जचा धडा कंटाळवाणा वाटला तरी तो गाळू नका.

सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत एखादे बटण पुस्तकात दाखवलेल्या जागेवरून दुसरीकडे गेलेले असते, पण त्याची फार चिंता करू नये.

पुस्तक कुठे थांबते, हेही सांगायला हवे. दृश्य बदलण्याआधी पुढच्या दृश्याचा आवाज ऐकू येतो त्याला ‘जे कट’ (J-cut) म्हणतात, आणि आवाज व चित्राचे कट वेगवेगळे कसे सरकवायचे हे मी पुस्तकातूनच शिकले. माझ्या फितीत एका आजींच्या चेहऱ्यावर टाळांचा आवाज आधी यायचा होता आणि दिंडी नंतर दिसायची होती. तो आवाज किती आधी आणायचा, हे कोणत्याही पानावर नव्हते. मी 12 फ्रेमपासून सुरुवात केली, आठवडाभर रोज सकाळी ताज्या कानाने ऐकत गेले आणि 22 वर थांबले.