नोंद ७: हींचमध्ये न बसणारा इको

मागच्या वेळी छाती ठोकून लिहिलं होतं की डीजेगिरीतला इको-आउट (पडसाद सोडत गाण्यातून बाहेर पडणं) जमला, आता रिव्हर्बकडे (घुमणाऱ्या आवाजाच्या इफेक्टकडे) वळते. शब्द मागे घेते. रविवारी आमच्या सोसायटीत नवरात्रीआधीचा सराव-गरबा होता. हींचमधून (गरब्याचा सहा मात्रांचा ताल) बाहेर पडताना इको टाकला, फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढला, आणि आतल्या रिंगणातल्या बायकांची टाळीच हुकली. एक काकू तर जागीच थांबून स्पीकरकडे बघत राहिल्या.

आठ मात्रांच्या कहरव्याच्या गाण्यांवर हाच १/२ चा (अर्ध्या ठोक्याने परतणारा) इको लोण्यासारखा बसतो. त्यामुळे आधी संशय सगळ्या चुकीच्या जागी गेला. फीडबॅक (पडसाद किती टिकतात ते) साठच्या खाली आणला. इकोच्या आधी बास कापला, कारण ढोलाचा खालचा आवाज पडसादांत साचून नुसता गडगडाट होतो (हे तसंही करावंच). ग्रिड (सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या रेघा) तीनदा सरकवला. ब्लूटूथ स्पीकरवर सराव करणाऱ्यांना पुन्हा हात जोडून सांगते, वायर लावा. तिथे आवाजच उशिरा पोचतो, मग आपण कान सोडून ग्रिडला शिव्या देत बसतो. माझी वायर होती. इको तरीही लंगडाच.

शेवटी तबला वाजवणाऱ्या मामेभावाला रेकॉर्डिंग ऐकवलं. चार सेकंदांत म्हणाला, "अगं, खाली दादरा चाललाय आणि तू वरून कहरवा ओततेयस."

दादराही हींचसारखाच सहा मात्रांचा. मग कागद घेऊन बसले. गाणं १०० बीपीएमचं (मिनिटाला १०० ठोके), म्हणजे एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. पण हींचमध्ये त्या ठोक्याच्या पोटात तीन मात्रा असतात, प्रत्येकी २००. धा धी ना, धा ती ना. माझा १/२ पडतो ३००वर, म्हणजे धी आणि ना यांच्या बरोबर मधल्या खड्ड्यात. ३/४ लावला तर ४५०, तोही कुठल्याच मात्रेवर नाही. हवा होता १/३ किंवा २/३, आणि माझ्या डीजे कंट्रोलरच्या बटणांवर तो नाहीच. बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फक्त चारचा ठोका असावा. बडोद्यात नऊ रात्री घालवल्या असत्या तर एक बटण नक्की वाढवलं असतं!

आता गंमत ऐका. सॉफ्टवेअर यातली कितीतरी गाणी १०० ऐवजी १५० ची म्हणून वाचतं, आणि मी महिनाभर एकेक करून ती "दुरुस्त" करत बसले होते. १५० म्हणजे ठोका ४०० चा. त्यावर १/२ लावला की २००, एक मात्रा. पूर्ण १ लावला की ४००, दोन मात्रा. म्हणजे धा वर पकडलेला आवाज आधी ना वर येतो, मग ती वर, आणि तिसरा पडसाद थेट समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या धा वर. मी पुसत होते ती चूकच माझं औषध होती. पहिल्यांदा समेवर आला तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या टाळी दिली. आई स्वयंपाकघरातून विचारायला आली, काय झालं म्हणून.

पण ग्रिड १५० वर ठेवला की सिंक (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं बटण) बोंबलतो, पुढचं १०० चं गाणं ओढून पळवायला बघतो. म्हणून ग्रिड १०० वरच ठेवून फक्त इफेक्टचा टेम्पो बोटाने टॅप करायचा ठरवलं. बोल मनात धरून धा, ना, ती एवढ्यांवरच बोट. काल दहा वेळा केलं, सहा वेळा जमलं. एकदा १४८ आला. फरक चिमूटभर वाटतो, पण तिसऱ्या पडसादापर्यंत १६ मिलिसेकंद साचतात आणि सम दुहेरी ऐकू येते. शिवाय गरब्यात घामेजलेल्या बोटांनी ते होणार नाही.

जुन्या टेप-इकोवाल्यांचा हेवा वाटतो. रोलँडच्या १९७४ च्या स्पेस इकोवर अपूर्णांकांची बटणं नव्हतीच. टेपचा वेग फिरवायचा, कान म्हणेल तिथे थांबायचं.

हे लिहिता लिहिताच सुचलं: पडसादांचं हे शेपूट जागेवर तयार कशाला करायचं? हींचच्या आठ-दहा गाण्यांचा शेवटचा धा कापून ऑडॅसिटीत (आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर) ०.४ सेकंदांचा डिले लावते, सॅम्पलरच्या पॅडवर (दाबलं की साठवलेला आवाज वाजवणारं बटण) ठेवते, फेडर खाली घेताना पॅड दाबते. मूळ गाण्याचा पिच (कंट्रोलरवरचा वेग) बदलला तर शेपूटही तेवढंच बदलावं लागेल, हा एक काटा. तेव्हा ती गाणी पिच शून्यावरच वाजवायची आणि पुढच्या गाण्याला त्यांच्या वेगावर आणायचं. रिव्हर्ब कोजागरीनंतर.

मामेभाऊ शनिवारी तबला घेऊन येतोय. त्या काकूंनाही बोलावलंय, टाळी द्यायला.