दुधाच्या अ‍ॅलर्जीसाठी लेकीचं रक्त तपासलं

लेकीला वरचं दूध सुरू केलं आणि काही मिनिटांतच तोंडाभोवती लाल गांधी उठल्या, ओठ सुजला. अमळनेरच्या बालरोगतज्ज्ञांनी औषध दिलं आणि मग उलटतपासणीच घेतली. किती प्यायली, किती वेळात उठलं, उलटी, दम, शीतून रक्त? हे सगळं ऐकूनच त्यांनी रक्ततपासणी लिहून दिली. अशी झटपट रिअ‍ॅक्शन आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे (अँटिबॉडीज) येते आणि या तपासणीत तीच मोजतात. ज्या बाळांना उशिराने त्रास होतो, शीतून आव-रक्त पडतं, त्यांचा रिपोर्ट बहुतेकदा निगेटिव्हच येतो. तिथे २ ते ४ आठवडे दूध बंद करून पुन्हा देऊन बघावं लागतं.

जळगावच्या लॅबमध्ये काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, त्यापेक्षा पूर्ण फूड पॅनल करा, गहू-अंडं-शेंगदाणा सगळं कळेल." डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की ती जे बिनत्रास खाते ते तपासू नका, आकडा जरा वर आला की तेही बंद कराल. शेंगदाण्याचा कूट बंद म्हणजे खान्देशात स्वयंपाकच बंद! फक्त दूध आणि त्यातली प्रोटीन्स तपासली.

बाळाला उपाशी ठेवावं लागत नाही. अ‍ॅलर्जीचं सिरपही थांबवलं नाही. ते त्वचेवरच्या टेस्टआधी थांबवतात. शीर सापडेपर्यंत मात्र लेकीने लॅब डोक्यावर घेतली.

रिपोर्टमध्ये ०.३५ च्या वर पॉझिटिव्ह धरतात. आमचं दूध आणि केसीन (दुधातलं मुख्य प्रोटीन) दोन्ही बरंच वर. केसीन उकळून सहजी मोडत नाही, त्यामुळे आटवलेलं दूध, खवाही बाद. पण आकडा मोठा म्हणजे रिअ‍ॅक्शन तेवढी मोठी, असं नसतं.

सासूबाई म्हणाल्या, "गाईचं सोसत नाही तर म्हशीचं द्या, नाहीतर बकरीचं." मी समजावलं तर पटेना, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पटलं: तिन्हींची प्रोटीन्स इतकी सारखी की शरीर फरक करत नाही.

अंगावर पाजणं चालू आहे. त्यातून तिला काही होत नाही, म्हणून माझं दही-ताक बंद केलेलं नाही. बिस्किटाच्या पाकिटावर मिल्क सॉलिड्स आहे का, ते आता सासूबाईच चष्मा लावून बघतात. वर्षभराने पुन्हा रक्त तपासायचं. आकडा उतरला तर दूध देऊन बघायचं, तेही दवाखान्यातच, डॉक्टरांसमोर.